एकशे सत्तावीस नंबरचं खेचर

लग्न होऊन मी मखमलाबादच्या मळ्यात आले तेव्हा माझ्याजवळ चित्रकला शिक्षकाची पदविका होती आणि नोकरी नव्हती. दोन शाळांनी मुलाखत घेऊन ‘कळवतो’ म्हणून सांगितलं होतं. नव्वदीची पहिली वर्षं होती ती. ‘कळवतो’ म्हणजे काय, हे उमगायला मला दोन वर्षं लागली. सासरी फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेनं गुलाब. पहाटे तोडा व्हायचा, सकाळी माल फुलबाजारात जायचा आणि मागं उरलेल्या फुलांचे हार ओवत आम्ही दुपारी ओट्यावर बसायचो. मी, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे, सासऱ्यांना दादा. नवरा सातपूरला कारखान्यात पाळीवर असायचा.

दादा फारसे बोलत नसत. तरुणपणी पंधरा वर्षं ते फौजेत होते, एवढं लग्नाच्या बैठकीत कानावर आलं होतं. तिथं काय करायचे म्हणून एकदा विचारलं तर आत्याबाई म्हणाल्या, जनावरं सांभाळायचे. त्यापुढं त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात फौजेतला एक फोटोसुद्धा नव्हता. मळ्यात बैलजोडी होती, पण दादा तिच्या वाटेला जात नसत. वैरण-पाणी आत्याबाई नाहीतर गडी बघायचा. जनावरं सांभाळलेला माणूस जनावराला हात का लावत नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

हातातली कला जाऊ नये म्हणून पावसाळ्यात मी पंचवटीतल्या एका गणपतीच्या कारखान्यात रेखणीला जायचे. रेखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंगाचा रंग चार जण मिळून देतात, पण डोळे एकाच हातानं, एका श्वासात काढावे लागतात. मध्ये हात थांबला की नजर तिरळी होते. माझा हात थांबत नसे, म्हणून कारखान्याचे मालक मला खिडकीजवळची जागा द्यायचे.

एका श्रावणात तिथं सत्तरीकडे झुकलेले एक उंच गृहस्थ मूर्ती सांगायला आले आणि सांगून झाल्यावरही गेले नाहीत. माझ्या पाठीशी उभे राहिले. मागं कुणी उभं राहिलेलं मला चालत नाही, पण त्यांच्या वयाकडे बघून गप्प बसले. पाच मूर्तींचे डोळे झाल्यावर त्यांनी विचारलं, “बाई, मोहरीहून लहान डोळा काढता येईल का तुम्हाला?”

मला वाटलं, चेष्टा करताहेत. त्यांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढला आणि त्यातून बोटाएवढा, शिशाच्या रंगाचा एक शिपाई. त्याला मिशा होत्या, पगडीच्या चुण्या होत्या, कमरेच्या पट्ट्याची बक्कलसुद्धा होती. डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन खाचा. मी सगळ्यात बारीक ब्रश घेतला, त्याचे तीन केस ठेवून बाकीचे ब्लेडनं उडवले आणि डोळे काढून दिले. ते शिपाई नाकाला लावून बराच वेळ बघत राहिले.

ते तोफखान्यातून निवृत्त झालेले मेजर होते आणि देवळाली कॅम्पात राहत होते. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेची कपाटं होती आणि त्यांत घोडे, स्वार, तोफा ओढणारी सहा-सहा घोड्यांची पथकं. सगळी बोटाच्या मापाची. परदेशातून सुटे भाग मागवायचे, कानशीनं सांधे घासायचे, जोडायचे आणि रंगवायचे, हा त्यांचा वीस वर्षांचा छंद. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तो अजून पिकलेला नाही म्हणून डॉक्टर थांबा म्हणत होते, आणि हातही कापायला लागला होता. अर्धवट राहिलेली खोकी टेबलाखाली साठत चालली होती. ती मी पुरी करावी, असं त्यांच्या मनात होतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, करून बघ. मग आठवड्यातून दोनदा मी बसनं देवळालीला जायला लागले. द्वारकेच्या चौकात बस अडकायची, तेवढ्यात माझा गजरा ओवून व्हायचा. तो मी मेजरसाहेबांच्या पत्नीला द्यायचे आणि त्या आधी माझ्या हातावर काहीतरी खायला ठेवायच्या, मगच कामाला बसू द्यायच्या.

पहिला घोडा मी जीव ओतून रंगवला. तांबूस अंग, काळी आयाळ, कपाळावर चांदणी. गणपतीच्या सोंडेला देतो तसा अंगावर हलका उजेड दिला. डोळ्यांत ठिपका ठेवला. मेजरसाहेबांनी भिंग लावून पाहिलं, डोळ्यांचं मनापासून कौतुक केलं, आणि मग घोडा टेबलावर ठेवून म्हणाले, “सुंदर आहे. पण हा घोडा कधी कुठं गेलेला नाही.”

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. हा लढाईवरचा घोडा. तीन आठवडे चालून आलेला आहे. त्याच्या अंगावर धूळ पाहिजे, घाम पाहिजे, पायाला चिखल, खोगिराखाली घासलेलं अंग. रंगवून झालेल्या गोष्टीला असं वापरलेलं, उन्हापावसातलं करणं हा या कामाचा अर्धा भाग आहे, आणि तो अर्धा जास्त अवघड आहे. मी आपला चिखल कालवल्यासारखा तपकिरी रंग केला आणि चारही पायांना लावला. ते हसले नाहीत. म्हणाले, याला कुणीतरी डबक्यात बुडवून काढलंय. चिखल कुठून उडाला, कुठं वाळला, कुठं झडला, याला काही कारण असतं. कारण दिसलं पाहिजे.

माझं सगळं शिक्षण स्वच्छतेचं होतं. कारखान्यात मूर्तीवर धुळीचा कण बसला तरी ओरडा मिळायचा. डाग मुद्दाम कसा पाडतात, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. घोडा मी घरी घेऊन आले आणि चार दिवसांत तीन वेळा टर्पेंटाइननं धुऊन पुन्हा रंगवला. आत्याबाईंना खेळण्यावर चाललेला तो वेळ खटकत होता. त्या मला सरळ काही बोलल्या नाहीत, पण शेजारणीला ऐकू जाईल इतपत म्हणाल्या की सूनबाई हल्ली घोड्याला अंघोळ घालते.

चौथ्या दिवशी दुपारी मी हार ओवत होते आणि घोडा ओट्याच्या कठड्यावर वाळत होता. दादा समोर बसून शेवंतीचे देठ खुडत होते. खुडता खुडता त्यांचा हात थांबला. त्यांनी घोडा उचलला, आडवा धरला, पोटाखालून बघितला.

“घाम चुकला हाय,” ते म्हणाले.

मी विचारलं, म्हणजे कसा?

“घाम सगळीकडं एकदम येत नाय. आधी कानामागं येतो. मग तंगाखाली, मग मागच्या मांड्यांच्या मधी. वाळला की कडेला पांढरी रेघ राहते, मिठाची. तू सगळं अंगच ओलं केलंस.” तंग म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा, हेही त्यांनीच सांगितलं. मग अंगठ्याच्या नखानं घोड्याच्या मानेच्या बुडाशी, खोगिराची पुढची कड टेकते तिथं, एक रेघ दाखवली. तिथलं कातडं घासून घासून सोलवटतं, आणि बरं झाल्यावर केस येतात ते पांढरे येतात. घोडा काळा असो की तांबडा. त्या पांढऱ्या केसांवरनं जनावर किती वर्षं राबलंय ते कळतं. चिखल पायाच्या आतल्या बाजूला जास्त वर चढतो, कारण एका पायाचा दुसऱ्यावर उडतो. चालत्या जनावराच्या पोटाला शिंतोडे असतात, उभ्याच्या नसतात.

तीन वर्षांत मी दादांच्या तोंडून एवढं सलग ऐकलं नव्हतं. आत्याबाई सुई हातात धरून बघत होत्या. बोलून झाल्यावर दादांनी घोडा होता तिथं ठेवला आणि शेवंतीकडे वळले.

त्यानं माझं भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागं लागले की मला खरा घोडा दाखवा. पंचवटीत तेव्हा थोडे टांगे उरले होते. दादा नको म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी फुलबाजारात माल उतरवल्यावर त्यांनी मोपेड टांग्यांच्या थांब्याकडे वळवली. मी मागं बसले होते.

टांगेवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आलं. दादांनी त्याला काही सांगितलं नाही. ते घोड्यासमोर न जाता त्याच्या खांद्याच्या बाजूनं गेले, तळहात मानेवर ठेवला आणि नुसते उभे राहिले. घोड्यानं कान फिरवले. मग दादांचा हात खांद्यावरून पायाकडे सरकत गेला, घोट्याच्या वर त्यांनी चिमटीनं किंचित दाबलं, आणि घोड्यानं आपणहून पाय उचलून त्यांच्या हातात दिला. टांगेवाला म्हणाला, माझ्याही हातात देत नाही तो. दादांनी खुरात अडकलेला खडा काढला, नाल सैल झालाय म्हणून सांगितलं, आणि मला जवळ बोलावून कानामागची घामाची जागा दाखवली. मी वहीत चित्रं काढत होते, पण खरं तर दादांच्या चेहऱ्याकडे बघत होते. फुलांच्या पाट्या उचलणारा तो माणूस नव्हताच.

नवा घोडा मेजरसाहेबांनी भिंगाखाली धरला. मिठाची रेघ त्यांना धूसर डोळ्यांनीही दिसली होती. हे कुणी सांगितलं, म्हणून त्यांनी विचारलं. मी सासऱ्यांचं सांगितलं. ते फौजेत जनावरांच्या तुकडीत होते, म्हटल्यावर त्यांनी टेबलाखालून एक खोकं ओढून काढलं. आत डोंगरी तोफेचं पथक होतं. अशा तोफा सुट्या करून खेचरांच्या पाठीवर लादत. एका खेचरावर तोफेची नळी, दुसऱ्यावर चाकं, असं. पाच खेचरं आणि पाच वाहक. हे काम आपल्या आयुष्यात पुरं व्हावं असं त्यांना वाटत होतं, कारण नोकरीची पहिली वर्षं त्यांनी अशाच तोफांबरोबर काढली होती. म्हणाले, त्यांना घेऊन या.

दादा गेले नाहीत. साहेबांच्या बंगल्यावर मी कशाला, म्हणाले. मी पुन्हा विचारलं तेव्हा उठून मळ्यात गेले. खोक्यातली खेचरं मात्र मी घरी आणली होती आणि जोडून कठड्यावर ठेवली होती. दादा दुपारचे ओट्यावर बसायचे ते आता पाठ करून बसायला लागले.

पंधरा दिवसांनी मेजरसाहेबच आले. गाडी रस्त्यावर ठेवून काठी टेकत बांधावरून चालत आले. दादा उठून उभे राहिले, अगदी ताठ, हातात झेंडूची माळ तशीच. आत्याबाई खुर्ची आणायला आत धावल्या. तोवर मेजरसाहेब पोत्यावर बसलेही होते, झेंडूच्या ढिगाशेजारी. त्यांनी आधी फुलांची चौकशी केली, मग कुठली तुकडी, कुठले डोंगर, हिवाळ्यात खेचरांना काय चारायचे, हे सगळं. दादा उभ्या उभ्या उत्तरं देत होते. केव्हातरी बसले. केव्हातरी हार ओवायलाही लागले. मी चहा आणून ठेवला तेव्हा दोघं खेचरांच्या खोड्या सांगत होते, आणि दादा हसत होते.

मग मेजरसाहेबांनी कठड्यावरचं नळीवालं खेचर मागितलं आणि दादांच्या हातात दिलं. यात काही चुकलंय का, एवढंच विचारलं.

दादांनी ते लगेच परत ठेवायला हात पुढं केला, पण ठेवलं नाही. म्हणाले, “ओझं मागं हाय, साहेब. इतकं मागं असलं तर चढावर पुढचे पाय हलके होतात.” पट्ट्यावरून अंगठा फिरवला. “माझी अशीच गेली.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्याकडे एक मादी खेचर होती. खुरावर नंबर डागलेला, एकशे सत्तावीस. नाव ठेवायची पद्धत नव्हती, नंबरानंच हाक मारायची. सहा वर्षं दोघं बरोबर चालले. एका पहाटे चढावर निघायच्या आधी पट्टे आवळताना त्यांची बोटं थंडीनं बधिर झाली होती आणि छातीवरचा पट्टा एक भोक ढिला राहिला. पहिल्या थांब्यावर ते त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या थांब्यावर आवळू, म्हणून ते तसेच निघाले. वाट अरुंद होती, वरून पाणी येत होतं. ओझं मागं सरकलं, खेचराचे मागचे पाय घसरले. जनावर घसरलं तर दोर सोडायचा, नाहीतर माणूसही जातो, हा नियम होता. मागून हवालदार सोड म्हणून ओरडला आणि दादांनी दोर सोडला.

“चौकशी झाली. माझी काय चूक नाय, असं लिहिलं. पट्ट्याचं कुणाला ठाऊकच नव्हतं, मी सांगितलं नाय.” ते माळेकडे बघत बोलत होते. “आणि साहेब, दोर हातातून सुटला तेव्हा मला बरं वाटलं. एक क्षण. मी वाचलो म्हणून. ते मला अजून समजत नाय.”

आत्याबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं. मेजरसाहेबांनी समजूत घालणारं काही म्हटलं नाही. त्यांच्याही हाताखालची जनावरं गेली होती, माणसंही गेली होती. दोर सोडल्यावर बरं वाटणारा माणूसच घरी परत येतो, एवढंच ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं की ओझ्याची जागा बदलता येईल का. मी हो म्हटलं, नळी सोडवून पुढं चिकटवता येईल. पट्टेही नवे करावे लागतील.

“पट्टा मी लावतो,” दादा म्हणाले.

तो पट्टा मी मलमाच्या रिकाम्या ट्यूबच्या पत्र्यातून कापला. शेवयीएवढा रुंद. सुईच्या टोकानं त्याला सहा भोकं पाडली. दोन दिवसांनी सकाळच्या उन्हात दादा ओट्यावर बसले, आत्याबाईंचा चष्मा लावला, स्वतःचा त्यांना नव्हताच, आणि चिमट्यानं पट्टा धरला. त्यांची बोटं मोळीतल्या लाकडांसारखी जाड. दोनदा चिमट्यातून निसटला. तिसऱ्यांदा बक्कलेत गेला. त्यांनी तो ओढला, थांबले, आणि आणखी एक भोक पुढं घेतला. मग खेचर माझ्या हातात देऊन म्हणाले, बघ, सरकतंय का. मी ओझं बोटानं ढकलून पाहिलं. सरकलं नाही.

खुरावर नंबर मी घातला. तो दिसतही नाही, भिंगातून जेमतेम तीन आकडे. पायांना लावायची धूळ मात्र दादांना पटेना. आपली काळी माती चालणार नाही, तिकडचा डोंगर राखाडी होता. मी रंग कालवले, ते नाही म्हणाले. शेवटी चुलीतली राख, थोडा मुरूम आणि चिमूटभर चुना असं जमलं. माती खरी वापरायची तर तिचे कण एवढ्या लहान जनावरापुढं धोंड्यांएवढे दिसतात. ती खलात घोटून, मलमलीतून गाळून घ्यावी लागते. ते काम आत्याबाईंनी न सांगता ओढून घेतलं. हळद दळायची त्यांना सवय होती. राख त्यांनी इतकी बारीक केली की फुंकर मारली तर धूर व्हावा.

पथक तयार व्हायला सात महिने लागले. त्या काळात दादा दर शुक्रवारी टांग्यांच्या थांब्यावर जायला लागले. सुरुवातीला माझ्यासाठी म्हणून, नंतर घोड्यांच्या खुरांसाठी. घरच्या बैलांनाही पाणी तेच दाखवायला लागले. आत्याबाई एकदा मला म्हणाल्या की माणूस आता झोपेत दात खात नाही.

दरम्यान मेजरसाहेबांचा मोतीबिंदू पिकला आणि एकापाठोपाठ दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर महिन्याभरानं मी गेले तर त्यांनी माझं आजवरचं सगळं काम टेबलावर मांडून ठेवलं होतं. इतके दिवस त्यांनी केलेलं सगळं कौतुक अर्धं अंदाजानं केलेलं होतं. आता पहिल्यांदा त्यांना नीट दिसत होतं आणि त्यांनी एका कागदावर चुका लिहून काढल्या होत्या. एका स्वाराच्या मिशा दोन्हीकडे सारख्या नाहीत. एका घोड्याची सावली उजेडाच्या उलट बाजूला. बुटांवरची धूळ टाचेपेक्षा चवड्यावर जास्त. मी खट्टू झाले, बसमध्ये डोळ्यांत पाणीही आलं. पण दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा वाचला तर एक सोडून सगळ्या चुका खऱ्या होत्या. ती एक मी त्यांना पटवून दिली. बाकीच्या दुरुस्त केल्या. माझं काम खऱ्या अर्थानं सुधारलं ते त्या कागदापासून.

पथक पुरं झाल्यावर कॅम्पातल्या एका सभागृहात अशा छंदवाल्यांनी रविवारी प्रदर्शन भरवलं. मेजरसाहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि आत शिरल्यावर दाराजवळच थांबले. पाच खेचरं काचेखाली होती, राखाडी चढावर एकामागं एक. लोक येत, वाकून बघत, पुढं जात. एका गृहस्थांनी बायकोला सांगितलं, हे बघ, गाढवं. दादा तिथून पुढं आले आणि त्यांना म्हणाले, “गाढव नाय. खेचर.” मग फरक सांगितला. मग तोफेचे भाग किती, कुठला कुणावर जातो, सगळ्यांच्या पुढं कुठलं खेचर ठेवतात आणि का. आणखी चार माणसं थांबली, मग दहा. एका जवानाचं सगळं कुटुंबच उभं होतं. दादांनी नळीवाल्या खेचराकडे बोट दाखवून सांगितलं की ही माझी होती, हिचा नंबर एकशे सत्तावीस, डोंगरात मी तिचा पट्टा ढिला ठेवला आणि ती गेली. जवानाच्या म्हाताऱ्या आईनं त्यांना विचारलं, कशी होती स्वभावानं? दादा म्हणाले, “लय हट्टी. पण पाण्याची जागा तिला आधी कळायची.” मेजरसाहेब कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होते. आमची शेवटची बस गेली. त्या दिवशी दादा पहिल्यांदा त्यांच्या बंगल्यावर आले, आणि आम्ही सगळे तिथंच जेवलो.

दोन हजार सालानंतर माझं काम वाढत गेलं. प्रदर्शनातून पुण्यामुंबईची माणसं ओळखीची झाली, मग कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत जाऊन मी फोटो पाठवायला शिकले. शाळेचं पत्र कधी आलं नाही आणि मी त्याची वाट बघायची विसरून गेले. मेजरसाहेब असेपर्यंत दर नव्या घोड्याच्या चुका कागदावर यायच्या. ते गेले तेव्हा पथक त्यांच्या पत्नीनं दादांना देऊ केलं. दादांनी घेतलं नाही. ते तिथं साहेबांच्या खोलीत बरं दिसतं, म्हणाले. टांगे हळूहळू संपले, पण लग्नाच्या वरातीच्या घोड्यांचे मालक खुरांसाठी दादांना न्यायला मोटारसायकल पाठवायचे.

मळ्यात विहिरीजवळ मला एक खोली बांधून मिळाली. उत्तरेकडे मोठी खिडकी. वस्तीवरच्या दोन बायका माझ्या हाताखाली शिकून तयार झाल्या. दोघींचा हात हार ओवून हलका झालेला, त्यामुळे लगामाचे दोरे त्या माझ्याहून बारीक बसवायच्या. आणि एका फळीवर आत्याबाईंच्या बरण्या होत्या. राखाडीवर त्यांचं समाधान झालं नव्हतं. इगतपुरीला रेल्वेत असलेल्या भाच्याकडून त्यांनी तिथली तांबडी माती मागवली. गोदाकाठचा गाळ वेगळा, मखमलाबादची काळी माती वेगळी. देवळ्याला दिलेली माझी नणंद कांद्याच्या दिवसांत यायची ती पिशवीत शेताची माती घेऊनच. “हाई माती चांगली शे,” सासरच्या बोलीत म्हणत ती पिशवी आईपुढं ठेवायची आणि दोघी मायलेकी खल घेऊन बसायच्या. ती माती फिकट होती, उन्हात वाळलेल्या रस्त्यासारखी. घोडदळाच्या बुटांवर तिच्याइतकी शोभणारी दुसरी धूळ मला मिळाली नाही.

एकदा परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं मेल करून विचारलं, या धुळीचा रंग कुठल्या कंपनीचा, कुठं मिळेल. मी घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी खलातला बत्ता खाली ठेवला, पदरानं हात पुसले, आणि विचार करून म्हणाल्या, “लिही त्यांना. आमच्या लेकीच्या शेताची हाय. किती पाहिजे ते सांगा म्हणावं, पण कांदा निघाल्यावर मिळेल.”

मी तसंच लिहिलं. त्या माणसानं वाट बघितली.